तुकड्यांचीं धनुष्यें : काष्ठधनुष्याच्या घडणीविषयीं कांहीं विचार

आपल्याकडील शस्त्रसंग्रहांत धनुष्य म्हणून जें ठेवलेलें असतें तें बहुधा एकाच जातीचें असतें. शिंग, लांकूड व स्नायु यांचे थर एकावर एक चिकटवून केलेली, वर रोगण व सोनेरी वेलबुट्टी काढलेली आणि दोरी उतरविली म्हणजे उलट बाजूस वांकणारी अशी ती दरबारी कमान होय. तिचें जतन होतें हें योग्यच आहे. परंतु ज्या धनुष्यानें या देशांतील पायदळ शतकानुशतकें लढलें आणि ज्याच्यावर रानांतल्या माणसानें आपलें पोट भरलें, तें साधें लांकडाचें किंवा वेळूचें धनुष्य संग्रहांत क्वचितच आढळतें. तें मोडलें कीं चुलींत जाई, आणि न मोडलें तर वाळवीच्या मुखीं पडे. शिवाय त्याची किंमत ती किती! उरल्यासुरल्या काठीचा तुकडा तासून तयार झालेली वस्तु कोणी जपून ठेवावी, असें कोणास वाटलें नाहीं.

प्रस्तुत लेखांत आम्ही या उपेक्षित धनुष्याचा विचार करणार आहों. आमचें म्हणणें दोन कलमांत सांगतां येईल. पहिलें असें कीं, आपल्या धनुर्वेदविषयक ग्रंथांत काष्ठधनुष्याविषयीं जे नियम आहेत, ते वरवर शकुनासारखे दिसत असले तरी मुळांत कारागिराचे नियम आहेत. दुसरें असें कीं, लहान तुकड्यांपासून धनुष्य करणें हा दारिद्र्याचा नाइलाज नसून ती जगांतील फार जुनी व विचारपूर्वक बनलेली पद्धति आहे.

(१) ग्रंथांतील उल्लेख

हिंदी धनुष्याचें परकीयांनीं केलेलें सर्वांत जुन्यांपैकीं एक वर्णन हिरोडोटसच्या इतिहासांत आहे. इ. स. पू. ४८० मध्यें इराणचा बादशहा झर्क्सीस यानें ग्रीसवर जी स्वारी केली, तींत हिंदी लोकांची एक तुकडी होती. हे लोक कापसाचीं वस्त्रें नेसत, त्यांचीं धनुष्यें व बाण नळासारख्या काठीचे असत आणि बाणांना लोखंडी फाळ असे, असें तो लिहितो. ही नळासारखी काठी म्हणजे आपला वेळूच होय, यांत आम्हांस शंका वाटत नाहीं. पुढें अलेक्झांडरचा आरमारी अधिकारी निआर्कस याच्या वृत्तांताच्या आधारें एरिअन यानें दुसऱ्या शतकांत जें लिहिलें, त्यांत आणखी तपशील आहे. हिंदी पदातीचें धनुष्य त्याच्या स्वतःच्या उंचीएवढें असे. तो तें जमिनीवर टेकवी, डाव्या पायानें दाबून धरी आणि मग दोरी दूरवर ओढून बाण सोडी. बाणाची लांबी तीन हातांहून किंचितच कमी असे.

या परकीय साक्षीशीं आपल्या ग्रंथांची साक्ष चांगली जुळते. कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी १९०५ सालीं तंजावर प्रांतांतील एका पंडितानें म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयास दिली व शामशास्त्री यांनीं ती १९०९ मध्यें छापून प्रसिद्ध केली, हें वाचकांस ठाऊक आहेच. पुढें १९६० सालीं मुंबई विद्यापीठानें कंगले यांची चिकित्सक आवृत्ति काढली. या ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणांत आयुधागाराध्यक्षाच्या प्रकरणीं धनुष्याचीं चार द्रव्यें सांगितलीं आहेत : ताल, चाप, दारु व शृंग. यांपैकीं चाप हा वेळूचाच एक प्रकार होय, कारण लगतच्या कुप्याध्यक्षाच्या प्रकरणांत वेणुवर्गांतील जातींमध्यें त्याचें नांव आलें आहे. म्हणजे चार द्रव्यांपैकीं तीन वनस्पतींचीं आहेत आणि शिंगाचें एकच आहे. शस्त्रागारांत ज्या धनुष्यांचा भरणा होता तीं कोणत्या जातीचीं होतीं, हें या प्रमाणावरून कळण्यासारखें आहे.

तालाच्या धनुष्यास व्याकरणाचाही आधार आहे. पाणिनीय गणपाठांत ताल शब्दापासून होणारें तद्धित रूप धनुष्याच्या अर्थीं मुद्दाम नोंदलें आहे. कार्मुक हा शब्द पाणिनि कर्मन् शब्दापासून साधतो. परंतु वैदिक वाङ्मयांत कृमुक नांवाच्या लांकडाचा उल्लेख असल्यामुळें त्याचा मूळ संबंध झाडाशीं असावा असें मानण्यास जागा राहते.

अग्निपुराणांत धनुष्याचीं द्रव्यें लोह, शृंग व दारु अशीं तीन दिलीं आहेत, आणि शरद् ऋतूंत तोडलेल्या वेळूस श्रेष्ठ मानिलें आहे. पदातीच्या धनुष्याचें माप तेथें चार हात उत्तम, साडेतीन मध्यम व तीन कनिष्ठ असें सांगितलें आहे. हात दीड फुटाचा धरल्यास उत्तम धनुष्य सहा फुटांचें होतें, म्हणजे एरिअनच्या म्हणण्याप्रमाणें पुरुषभर. जमीन मोजण्याचें चार हातांचें माप आपल्याकडे धनु या नांवानेंच चाले, ही गोष्टही येथें लक्षांत घेण्यासारखी आहे. जी वस्तु घरोघर एकाच लांबीची असते तिचेंच माप बनतें.

(२) धन्वन वृक्ष

कुप्याध्यक्षाच्या प्रकरणांत सारदारूंची, म्हणजे कणखर लांकडांची यादी आहे. तींत साग, तिनिश, अर्जुन, खैर यांच्या पंक्तीस धन्वन हें नांव येतें. हें झाड म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या व सातपुड्याच्या रानांतील धामण. धन्वन् म्हणजे धनुष्य, आणि त्यावरून झाडाचें नांव धन्वन; तोच शब्द झिजून मराठींत धामण झाला. धामणीचें लांकूड चिवट व लवचीक असून कावडीच्या दांड्यांस व गाडीच्या जुंपणीस तें पिढ्यान् पिढ्या वापरलें गेलें आहे. ओझ्याखालीं वांकून पुन्हां सरळ होणें हा गुण कावडीस जितका लागतो तितकाच धनुष्यास लागतो. तेव्हां ज्या काळीं धनुष्यें होत होतीं त्या काळीं कावडीच्या दांड्यांतून उरलेला धामणीचा तुकडा कोठें जात असेल, हें सांगण्यास प्रमाणाची फारशी गरज नाहीं.

(३) पर्व आणि ग्रंथि

आतां आम्ही या लेखांतील मुख्य मुद्द्याकडे वळतों. शार्ङ्गधरानें इ. स. १३६३ च्या सुमारास जी पद्धति संकलित केली व जी पीटर्सन यांनीं १८८८ मध्यें मुंबईस छापली, तिच्यांत धनुर्वेदाचें एक प्रकरण आहे. त्यांतील पुष्कळ श्लोक वसिष्ठाच्या नांवावर चालणाऱ्या धनुर्वेदसंहितेंतही मिळतात. तेथें असा नियम आहे कीं धनुष्य तीन, पांच, सात किंवा नऊ पर्वांचें असावें. चार, सहा किंवा आठ पर्वांचें वर्ज्य करावें. विषम संख्या शुभ व सम संख्या अशुभ, एवढाच याचा अर्थ सामान्यतः घेतला जातो आणि वाचक पुढें जातो.

परंतु त्याच प्रकरणांत आणखी एक नियम आहे : धनुष्याच्या गळ्याशीं ग्रंथि नसावी, आणि तलाच्या मध्यावरही नसावी. तल म्हणजे जेथें हाताचा तळवा बसतो ती मुठीची जागा, असा अर्थ आम्ही करतों. आतां पर्व म्हणजे वेळूची गांठ असा अर्थ घेतला तर दोन नियमांचा परस्परांशीं विरोध येतो. तीन किंवा पांच गांठी समान अंतरावर असल्या तर मधली गांठ नेमकी मुठींत येईल, आणि तीच तर निषिद्ध आहे.

हा विरोध शास्त्रकाराचा नसून आपल्या वाचनाचा आहे, असें आमचें मत आहे. ग्रंथकारानें गांठीस ग्रंथि हा वेगळा शब्द योजिला आहे. मग पर्व म्हणजे दोन गांठींमधला भाग, असाच अर्थ घेतला पाहिजे. संस्कृतांत या शब्दाचे दोन्ही अर्थ आहेत. पण मराठींत त्याचा वंशज जो पेर शब्द, तो उसाच्या व बोटाच्या बाबतींत आजही दोन सांध्यांमधल्या भागास लावितात. हा अर्थ घेतां क्षणीं दोन्ही नियम एकमेकांत बसतात. पेरें विषम असलीं म्हणजे कांबीचा मध्य एका पेराच्या मध्यावर येतो, मुठींत गांठ येत नाहीं, आणि मुठीच्या वर व खालीं गांठी सारख्या अंतरावर पडतात. पेरें सम असलीं म्हणजे मध्यावर गांठ आलीच. ती टाळण्यासाठीं मूठ सरकविली तर एक बाहू आंखूड व दुसरा लांब होतो आणि दोन्ही सारखे वांकत नाहींत.

असें पाहिलें म्हणजे ज्याला आपण शकुन समजत होतों तें कारागिराचें मापन ठरतें. त्याच्या हातीं फूटपट्टी नव्हती. वेळूनेंच आपल्या अंगावर खुणा करून दिल्या होत्या. पेरें मोजून तोडा, मध्य आपोआप सांपडेल, एवढेंच तो शिष्यास सांगत होता.

(४) दोष आणि त्यांचें फल

याच दृष्टीनें त्या प्रकरणांतील दोषांची यादी वाचून पाहावी. अपक्व वेळू, अतिजीर्ण वेळू, ज्ञातिघृष्ट म्हणजे आपल्याच बेटांतील दुसऱ्या वेळूवर घांसलेला, जळका व छिद्र पडलेला, असे दोष तेथें सांगितले आहेत. त्यांपैकीं पहिल्या दोहोंचें फल सरळ आहे : कोंवळें धनुष्य मोडतें, जून धनुष्य ताठर होतें. परंतु घांसलेल्या वेळूचें फल भाऊबंदकी आणि जळक्याचें फल घरास आग असें दिलें आहे. येथें वाचक हंसतो.

हंसण्यापूर्वीं वेळूची रचना पाहिली पाहिजे. धनुष्य ओढलें म्हणजे त्याची पाठ, म्हणजे लक्ष्याकडील बाजू, ताणली जाते आणि पोट दाबलें जातें. वेळूचे बळकट तंतु बाहेरच्या सालीलगत दाट असतात व आंतल्या बाजूस विरळ होत जातात. दुसऱ्या वेळूवर वर्षानुवर्षें घांसून ज्याची साल झिजली आहे त्याचे हेच तंतु तुटलेले असतात. अशी बाजू पाठीस आली तर धनुष्य तेथूनच उकलतें. जळक्याचीही तीच गत. तेव्हां दोष खरा आहे. फल मात्र शिष्याच्या मनावर ठसावें म्हणून नांवाच्या साम्यावरून जोडलेलें आहे. ज्ञातींनीं घांसलेला, म्हणून ज्ञातींशीं कलह. जळलेला, म्हणून घर जळेल. कारण विसरलें तरी भीति विसरत नाहीं, हें जुन्या गुरूंस चांगलें ठाऊक होतें. पोथ्यांची छाननी करणाऱ्यांनीं असे श्लोक भाकड म्हणून सोडून देऊं नयेत, अशी आमची सूचना आहे.

(५) उरल्या तुकड्याचें गणित

चार हातांचें धनुष्य करण्यास निर्दोष व लांब काठी लागते, आणि ती दर वेळीं मिळत नाहीं. मग तीन हातांची किंवा त्याहून आंखूड काठी, फळीची उरलेली पट्टी, चिरलेल्या वेळूची कांब, यांचें हलकें धनुष्य होतें. तें हलकें करण्याची युक्ति एका साध्या नियमांत आहे. कांबीचा ताठपणा तिच्या रुंदीच्या प्रमाणांत वाढतो, परंतु जाडीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो. रुंदी दशांशानें वाढविली तर ताठपणा दशांशानेंच वाढतो. जाडी दशांशानें वाढविली तर तो जवळजवळ एक तृतीयांशानें वाढतो. आणि जाडी निम्मी केली तर अष्टमांशच उरतो. म्हणून हलकें धनुष्य रुंद व चपटें असतें. आंखूड तुकड्यास अधिक वांकावें लागतें, तेव्हां तो पातळच ठेवावा लागतो.

याच कारणास्तव हातघडणीचें सर्व कसब शेवटच्या तासणींत आहे. केसभर जाडी कमी झाली कीं तेवढ्याच ठिकाणीं कांब जास्त वांकते, सगळा ताण तेथें जमतो आणि धनुष्य तेथेंच मोडतें. म्हणून कारागीर थोडें तासतो, टोंक जमिनीवर टेकवून कांब दाबून पाहतो, कोठें ताठ आहे तें बोटांनीं चांचपतो, आणि ताठ जागींच पुन्हां तासतो. पाठीच्या बाजूस तो हत्यार लावीत नाहीं. तंतु अखंड राहावे म्हणून सारी तासणी पोटाच्या बाजूनें चालते. डेन्मार्कांतील होल्मेगार्ड येथें १९४४ सालीं दलदलींत सांपडलेलीं एल्म लांकडाचीं धनुष्यें सुमारें नऊ हजार वर्षांचीं आहेत, आणि त्यांचे बाहूही असेच रुंद व चपटे आहेत. पद्धति किती जुनी आहे हें यावरून दिसेल.

(६) जोडकाम

तुकडा फारच आंखूड असला तर दोन तुकडे जोडावे लागतात. मूठ सहसा वांकत नाहीं, म्हणून जोड मुठींत घालतात. इंग्लंडांतील धनुष्यकार यू झाडाचे दोन आंखूड तुकडे माशाच्या शेपटीसारख्या खांचा करून मुठीशीं सांधीत. अशा सांध्यांत एकाची टोंकें दुसऱ्याच्या खांचांत बसतात, सरस लावण्यास पृष्ठभाग पुष्कळ मिळतो, आणि वरून दोरा गुंडाळला म्हणजे तो सहसा सुटत नाहीं.

जोडाचा दुसरा प्रकार लांबीचा नसून थरांचा. फिनलंड व सायबेरिया येथील लोक पोटास देवदारवर्गीय झाडाचें दाबानें घट्ट झालेलें लांकूड आणि पाठीस भूर्जाचें लांकूड घेऊन दोन्ही माशाच्या सरसानें चिकटवीत. जपानांत प्रथम एकसंध लांकडाचें धनुष्य होतें. पुढें त्यावर वेळूची पट्टी चढली, आणि कालांतरानें पट्ट्यांचे थर एकत्र बांधण्याची कला पूर्णतेस गेली. उत्तर ध्रुवाजवळच्या इनुइट लोकांस तर झाडच नाहीं. समुद्रानें वाहून आणलेलें लांकूड हेंच त्यांचें रान. तें लांकूड ठिसूळ, म्हणून त्याच्या पाठीवर स्नायूंच्या वळलेल्या दोऱ्यांचा पट्टा ताणून बांधीत. जॉन मर्डॉक यांनीं अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहांतील या धनुष्यांचा अभ्यास १८८४ च्या अहवालांत केला आहे. जेथें तेंही लांकूड मिळेना, तेथें सांबरशिंगाचे तुकडे जोडून धनुष्य होई.

आणि ज्या दरबारी कमानीपासून आम्हीं आरंभ केला, तिच्या शिंगाखालीं काय आहे? तिचा लांकडी गाभा एकसंध नसतो. मूठ, दोन बाहू व दोन टोंकें असे लहान लहान तुकडे खांचा करून सांधलेले असतात. ज्या तुकड्यास जें काम, त्यास तसा तंतु व तसा बांक, ही सोय एकसंध काठींत मिळत नाहीं. म्हणजे संग्राहकांनीं मखमलीवर ठेवलेली कमान हीही तुकड्यांचेंच धनुष्य आहे. रानांतला कारागीर व दरबारांतला कमानगर यांच्यामध्यें द्रव्याचा व वेळेचा भेद असेल. विचाराचा भेद नाहीं.

(७) विद्येचा लोप

मराठींत या वस्तूचे शब्द अद्याप जिवंत आहेत. तीरकमठा, कमान, चिल्ला, आणि दोन दोऱ्यांमध्यें खडा धरून मारण्याची गलोल, हे शब्द कोणासही कळतात. सातपुड्यांतील भिल्लांच्या वेळूच्या कामठ्यास दोरी म्हणूनही वेळूचीच पातळ पट्टी लावीत, हें इंग्रजी अमदानींतील वर्णनांत आलें आहे. अर्थशास्त्रांत व अग्निपुराणांत ज्येच्या द्रव्यांमध्यें वेळू सांगितला आहे तो हाच. ग्रंथांतील एक वाक्य दोन हजार वर्षें रानांत चालू राहिलें, आणि आम्ही तें पोथींत शोधीत बसलों!

परंतु शब्द राहिला म्हणून विद्या राहते असें नाहीं. कच्छचे कमानगर मूळचे धनुष्यें करणारे व रंगविणारे. त्यांचें नांव आज तेथील भिंतींवरील चित्रकलेस उरलें आहे. १८७८ च्या शस्त्रकायद्यानें शस्त्र या शब्दाच्या व्याख्येंत तोफा व बंदुकांबरोबर धनुष्यबाणही घातले. सर्वत्र अंमल सारखा झाला नसला, तरी रानांतल्या काठीवर सरकारची नजर या व्याख्येनें पडली.

अशा विद्येचा धागा किती नाजूक असतो याचें एक उदाहरण सांगतों. ग्रीनलंडच्या वायव्य किनाऱ्यावरील इनुघुइत लोकांस जॉन रॉस १८१८ मध्यें भेटला तेव्हां त्यांच्याजवळ धनुष्य नव्हतें. सांथीच्या रोगांत जाणतीं माणसें गेलीं आणि त्यांच्याबरोबर धनुष्य व कातडी होडी करण्याची विद्याही गेली, अशी हकीकत पुढें नोंदली गेली. १८६० च्या सुमारास बॅफिन बेटावरून कांहीं कुटुंबें तेथें आलीं, तेव्हां ती विद्या त्यांना पुन्हां मिळाली. लांकूड व शिंग किनाऱ्यावर होतेंच. जोड कसा घालावा हें सांगणारा नव्हता.

ग्रंथालयांतही हेंच होतें. जर्मनींत श्टेलमूर येथें मिळालेले हिमयुगाच्या अखेरचे सुमारें शंभर पाइन लांकडाचे बाण, ज्यांत पुढचा तुकडा वेगळा करून जोडल्याचें दिसत होतें, ते दुसऱ्या महायुद्धांत नष्ट झाले. आज त्यांचीं वर्णनें व चित्रें तेवढीं आहेत. उलट १९९१ मध्यें आल्प्सच्या बर्फांत जो सुमारें पांच हजार वर्षांपूर्वींचा मनुष्य सांपडला, त्याच्याजवळचें १८२ सेंटिमीटर लांबीचें यू लांकडाचें धनुष्य अर्धवट तासलेलें होतें. तें पुरें झालें असतें तर गुळगुळीत झालें असतें. अपुरें राहिलें म्हणून हत्याराचा घाव न् घाव वाचतां येतो.

(८) संग्राहकांस विनंती

यावरून आमची विनंती स्पष्ट आहे. जुन्या वाड्यांत, देवळांत, भिल्ल, कातकरी, ठाकर यांच्या वस्त्यांत जेथें साधें काष्ठधनुष्य आढळेल, तेथें त्याची लांबी, रुंदी व मध्यावरची आणि टोंकांजवळची जाडी मोजून ठेवावी. वेळूचें असल्यास पेरें किती, मुठींत गांठ आहे कीं नाहीं, साल पाठीस आहे कीं पोटास, दोरी कशाची, हें लिहावें. आमचा पर्वविषयक तर्क खरा कीं खोटा, हें अशा पन्नास नोंदी जमल्या म्हणजे ठरेल. आणि खोटा ठरला तरी त्या नोंदी वायां जाणार नाहींत. करणारा हयात असेल तर तो कांब कोणत्या महिन्यांत तोडतो व कोणती टाकून देतो, हें त्याच्याच शब्दांत टिपावें. धनुर्वेदाच्या पोथ्या ज्यांच्याजवळ असतील त्यांनीं पर्व व ग्रंथि या ठिकाणचे पाठभेद कळवावे.

अखेर एवढेंच कीं, मोडलेलें, अर्धवट किंवा फसलेलें धनुष्य मिळालें तर तें अवश्य ठेवावें. चांगलें धनुष्य कारागीर आपली चूक झांकून आपल्या हातीं देतो. टाकून दिलेला तुकडा मात्र त्यानें कोठें व कां हात थांबविला तें दाखवितो, आणि इतिहासास तेंच हवें असतें.